दोरु राहू द्या, अलेंतेझोला जा: रांजणातली वाईन आणि शिळ्या पावाचा मुलूख

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक जोडपं, सोबत आई, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आठ दिवस पोर्तुगालला निघालंय. दोघांना वाईन आवडते, पण द्राक्षांच्या नावांचा गोंधळ होतो. आई अंडं खातात, मांस-मासे नाही. भेटेल तो उत्तर पोर्तुगालमधल्या दोरु नदीच्या, वाईनसाठी नावाजलेल्या खोऱ्यात जा म्हणतो. जावं का? नाहीतर कुठे, काय प्यावं, कशाबरोबर, आणि वाईन सोडून बघण्यासारखं काय?

मी नाशिकचा. वाईन बनवणं हेच काम. आपल्याकडची तोडणी जानेवारी ते मार्च उरकते आणि पोर्तुगालची ऑगस्ट-सप्टेंबरात होते, त्यामुळे आमच्या धंद्यातल्या माणसाला वर्षात दोन हंगाम करता येतात. तसे तीन हंगाम मी अलेंतेझोत केले. तेव्हा माझं मत थोडं पक्षपाती आहे, हे आधीच सांगतो.

दोरु देखणा आहेच. पण तुम्ही जी तारीख दिली आहे ती वाचून मी दुसरा विचारच केला नाही. 11 नोव्हेंबर म्हणजे सांव मार्तिन्यूचा, संत मार्टिनचा सण. त्या दिवशी अलेंतेझोत वाईनचे रांजण उघडतात.

अलेंतेझो म्हणजे शब्दशः 'तेझूच्या पलीकडे'. तेझु ही लिस्बनची नदी. तिच्या दक्षिणेला आणि पूर्वेला, थेट स्पेनच्या हद्दीपर्यंत पसरलेला हा प्रदेश पोर्तुगालच्या मुख्य भूमीचा जवळजवळ तिसरा हिस्सा आहे, आणि वस्ती अगदी विरळ. लांबच लांब माळ, मधूनमधून बुचाची आणि ऑलिव्हची झाडं, टेकडीवर एखादं चुन्याने रंगवलेलं पांढरं गाव. उन्हाळा आपल्या विदर्भासारखा. आमारेलेझा नावाच्या गावात 2003 च्या ऑगस्टमध्ये पारा 47 अंशांच्या पुढे गेला होता. नोव्हेंबरात मात्र पहिल्या पावसाने माळ हिरवा झालेला असतो आणि स्वेटर लागतो.

आता रांजण. तिकडे त्याला 'ताल्या' म्हणतात. माणसाच्या उंचीचा किंवा त्याहून मोठा मातीचा रांजण, हजार लिटरच्या आसपास माल मावेल असा. ही पद्धत रोमन लोकांनी इथे आणली. जॉर्जियात असे रांजण जमिनीत पुरतात, इथे ते जमिनीवर उभे असतात, जाड भिंतींच्या कौलारू खोलीत ओळीने. आतून राळ आणि मेणाचा लेप देतात, नाहीतर मातीतून वाईन झिरपते. जुने रांजण टिकवणं हीच आता कला झाली आहे, कारण एवढा मोठा रांजण घडवणारे हात फारसे उरलेले नाहीत.

द्राक्षं चुरडून साली-बियांसकट रांजणात ओततात. बाहेरून यीस्ट बहुधा घालत नाहीत, सालीवर असतं तेवढं पुरतं. दोन-तीन दिवसांत आंबायला लागलं की साली वर येऊन त्यांचा जाड थर होतो, आणि तो दिवसातून दोनदा तरी लाकडी दांड्याने खाली दाबावा लागतो. का, ते मी पहिल्याच हंगामात शिकलो. एका सकाळी माझ्याकडून एक रांजण दाबायचा राहिला. दुपारी म्हाताऱ्या मुकादमाने त्याच्या पोटावर हात ठेवला आणि मला पोर्तुगीजमध्ये जे काही ऐकवलं ते सुदैवाने निम्मंच कळलं. साली घट्ट बसल्या की खालचा वायू कोंडतो आणि रांजण फुटतो. फुटतो म्हणजे खरोखर, भिंतीला तडा जाईल असा. म्हणूनच या खोल्यांची फरशी मध्याकडे उतरती असते आणि मध्ये एक खड्डा. त्या खड्ड्याचं नाव 'लाद्रांव', म्हणजे चोर. फुटलेल्या रांजणातली वाईन गटारात न जाता त्या चोराच्या घशात जमते. तुम्ही गेलात की आधी जमिनीकडे बघा.

उकाडा वाढला की रांजणावर बाहेरून पाणी मारतात, ओली फडकी गुंडाळतात. ते बघून मला आजीच्या ओट्यावरचा माठ आठवला. तत्त्व तेच.

आंबणं संपलं की साली हळूहळू तळाशी बसतात. तेव्हा वर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर देऊन हवा अडवायची जुनी रीत आहे. मग वाट बघायची. 2010 पासून 'विन्यु द ताल्या' या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्यातली मुख्य अट हीच, की वाईन निदान 11 नोव्हेंबरपर्यंत सालींवरच राहिली पाहिजे. त्या दिवशी तळाशी असलेल्या भोकात तोटी ठोकतात. पहिली धार गढूळ येते. ती पुन्हा वरून ओतायची. तळाशी बसलेला सालींचा चोथाच गाळणीचं काम करतो, आणि थोड्या वेळाने स्वच्छ, अंबरासारखी धार सुरू होते. 'सांव मार्तिन्यूच्या दिवशी आदेगात जा आणि वाईन चाख' अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. आदेगा म्हणजे वाईन करायची आणि ठेवायची जागा. भाजलेले चेस्टनट, पाव, ऑलिव्ह, थोडं चीज, आणि तोटीखाली पेला.

यासाठी जायचं व्हिला द फ्रादेश या गावात. शेजारचं मोठं गाव विदिगेरा. अलेंतेझोचं मुख्य शहर एव्होरा, तिथून गाडीने तासाभरात पोचता. ताल्याची सगळी माहिती देणारं एक छोटं केंद्रही तिथे आहे, पण आधी एखाद्या गावठी आदेगात बसा, केंद्र नंतर बघा. गावाबाहेर सांव कुकुफात नावाचे रोमन वाड्याचे अवशेष आहेत. विटांच्या उंच कमानी अजून उभ्या आहेत, आणि गर्दी म्हणाल तर तुम्ही आणि रखवालदार.

विदिगेरा हे नाव इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही वाचलं असेल. वास्को द गामा हा विदिगेराचा काउंट. 1519 मध्ये त्याने विदिगेरा आणि व्हिला द फ्रादेश ही दोन्ही गावं ब्रागांझाच्या ड्यूककडून पदरात पाडून घेतली आणि राजाने त्याला किताब दिला. तो 1524 मध्ये कोचीनला मेला, 1539 मध्ये अस्थी इथे आणल्या, आणि 1880 मध्ये त्या लिस्बनला नेल्या. त्याच्याबद्दल आपल्याला प्रेम असायचं काही कारण नाही. पण ज्याच्या नावाचं शहर गोव्यात आहे त्याच्या गावात बसून वाईन पिताना जरा गंमत वाटते खरी.

द्राक्षांचं सांगतो, पण यादी पाठ करू नका. पांढऱ्यात एकच नाव लक्षात ठेवा: आंतांव वाझ. (हो, गोव्याच्या एखाद्या शेजाऱ्याचं नाव वाटतं.) हे विदिगेराचंच मूळ द्राक्ष. कडक ऊन सोसतं, साल जाड, वास पिकलेल्या फळाचा आणि संत्र्याच्या सालीचा. त्याचा दोष म्हणजे आंबटपणा लवकर उतरतो. लवकर तोडलं तर ताजं आणि धारदार, उशिरा तोडलं तर जड आणि सपक. म्हणून बरेच जण त्यात आरिंतु मिसळतात. आरिंतूचा आंबटपणा अशा उन्हातही टिकून राहतो. लेबलवर ही दोन नावं एकत्र दिसली तर बिनधास्त घ्या. रोपेरु म्हणून तिसरं आहे, तरुणपणी सुगंधी, पण टिकत नाही. रांजणाच्या पांढऱ्या वाईनमध्ये मात्र मांतेऊदु, पेर्रूम, दियागाल्व्हेश, राबु द ओव्हेल्या अशी जुनी द्राक्षं एकाच बागेत मिसळून लावलेली सापडतात. शेवटच्याचा अर्थ 'मेंढीचं शेपूट', घड तसा दिसतो म्हणून.

लाल वाईनमध्ये आरागोनेझ म्हणजे स्पेनचं टेंप्रानियोच. आपल्या दिंडोरी भागातही त्याची लागवड झाली आहे. दोरुत त्यालाच तिंता रोरीझ म्हणतात. एवढं कळलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. त्रिंकादेरा हे चंचल द्राक्ष. तोडणीच्या सुमारास पाऊस आला की सडतं, कच्चं तोडलं तर हिरव्या पाल्याचा वास मारतं, आणि साधलं तर मिरी, वाळलेली वनस्पती, आलुबुखार. मला सर्वांत जास्त आवडणारं हेच. पण अलेंतेझोची ओळख झालंय ते आलिकान्ते बूशे, आणि ते इथलं नव्हेच. एकोणिसाव्या शतकात आंरी बूशे नावाच्या फ्रेंच माणसाने केलेला हा संकर. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढरा असतो, रंग फक्त सालीत. या द्राक्षाचा गरही लाल. फ्रान्सने त्याला रंग वाढवायचं द्राक्ष म्हणून हिणवलं आणि अलेंतेझोच्या उन्हात त्याचं सोनं झालं. शाईसारखी गडद, दणकट, वर्षानुवर्षं टिकणारी वाईन होते. मोशांव या जुन्या इस्टेटीचं नाव याच द्राक्षामुळे मोठं झालं.

विदिगेराला दुपारनंतर समुद्राकडून येणारी गार हवा लागते. पण खरोखर थंड हवेची वाईन हवी असेल तर उत्तरेला पोर्तालेग्रेकडे, सांव मामेदच्या डोंगरात. तिथला माथा हजार मीटरच्या वर जातो, जमीन ग्रॅनाइटची, वेली म्हाताऱ्या. तिथली लाल वाईन हलकी आणि टवटवीत असते. तुमच्या आठ दिवसांत जमलं तर बघा, नाहीतर एव्होरात बाटली मागवा.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात, की एवढी जुनी परंपरा, मग आपण अलेंतेझोचं नाव पूर्वी ऐकलं का नाही? कारण विसाव्या शतकात वाईन इथून जवळजवळ हुसकावून लावली गेली. 1929 मध्ये सरकारने गव्हाची मोहीम काढली, हा प्रदेश देशाचं धान्याचं कोठार व्हायचा होता, आणि बागांच्या जागी नांगर फिरले. पुढे 1974 च्या क्रांतीनंतर मोठ्या जमिनी मजुरांच्या ताब्यात गेल्या. त्यामागची भूक आणि राग खरा होता, पण बऱ्याच आदेगांचं कामकाज वर्षानुवर्षं विस्कटलं. आज दिसणारा बहुतेक पसारा 1980 च्या दशकानंतरचा आहे. मधल्या काळात रांजण जगवले ते गावातल्या घरांनी आणि खानावळींनी, विकायला नव्हे, घरी प्यायला.

त्या गव्हाचा दुसरा वारसा म्हणजे पाव. इथलं जेवण पावावर उभं आहे, आणि शिळ्या पावावर जास्तच. 'आसोर्दा' नक्की खा. लसूण, कोथिंबीर आणि जाडं मीठ खलबत्त्यात ठेचायचं, त्यावर ऑलिव्ह तेल, उकळतं पाणी, आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे. वरून पाण्यात शिजवलेलं अंडं. बस. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा करतात त्याच जातीचा पदार्थ, गरिबीतून आलेला आणि आता आवडीने खाल्ला जाणारा. कोथिंबीर युरोपात इतरत्र क्वचित दिसते, इथे मुठीने घालतात. आईंना घरच्यासारखं वाटेल. पण मागवताना विचारा, कारण काही ठिकाणी साध्या पाण्याऐवजी बाकल्याव माशाचं पाणी वापरतात. आसोर्दाबरोबर आंतांव वाझ आणि आरिंतु. लसणीसमोर नाजूक वाईन टिकत नाही, हे जोडीदार टिकतात.

आईंसाठी आणखी: टोमॅटोचं सूप (यात सॉसेज नको म्हणून सांगायचं), चण्याचे पदार्थ, मशरूम, आणि नशीब असेल तर 'बेल्द्रोएगा'चं सूप. ही म्हणजे आपली घोळ! लसणीचे अख्खे गड्डे, बकरीचं चीज आणि अंडं घालून करतात. भाजी उन्हाळ्याची, त्यामुळे नोव्हेंबरात मिळेलच असं नाही. 'मीगाश' ही पावाची परतलेली उसळच म्हणा, पण ती बहुधा डुकराच्या चरबीत असते, तेव्हा आईंनी टाळावी. एक मोठी सोय मात्र सांगतो. एव्होरा, सेर्पा आणि नीझा इथली मेंढीच्या दुधाची चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने नव्हे, तर एका काटेरी रानफुलाच्या तुऱ्याने विरजतात. शाकाहारी माणसाला निश्चिंतपणे खाता येतील अशी युरोपातली ही मोजकी जुनी चीज. सेर्पा मऊ आणि उग्र, एव्होराचं छोटं, कडक, खारट. यांच्याबरोबर रांजणाची पांढरी वाईन घ्या. सालींवर राहिल्यामुळे तिला चहासारखा तुरटपणा असतो आणि तो चीजचा तेलकटपणा कापतो. नुसती प्यायलात तर पहिला घोट विचित्र वाटेल, मी आधीच बजावतो. ही वाईन घासाबरोबरच कळते.

तुम्ही दोघं मांस खात असाल तर काळं डुक्कर. बुचाच्या आणि ओकच्या झाडांखाली हिंडून बलूत खाणारी ही जात. 'सेक्रेतुश' आणि 'प्लूमाश' हे भाग निखाऱ्यावर भाजून नुसत्या मिठाने देतात. त्यावर आलिकान्ते बूशे. मटणाच्या रश्शाला, म्हणजे 'एन्सोपादु द बोरेगु'ला, त्रिंकादेरा. 'कार्न द पोर्कु आ आलेंतेझाना' यात डुकराचं मांस आणि शिंपल्या एकत्र असतात. मांस आधी वाईन, लसूण आणि लाल मिरचीच्या वाटणात मुरवतात. वाईन-लसणीच्या या मुरवणीलाच तिकडे 'विन्या दाल्युश' म्हणतात, आणि गोव्यात तिचा झाला विंदालू. 'आलू'शी त्याचा काही संबंध नाही, हे उत्तरेतल्या हॉटेलवाल्यांना कोणीतरी सांगायला हवं.

जेवताना दोन गोष्टी सांभाळा. न मागता टेबलावर आलेला पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. आणि 'मेया दोझ' म्हणजे अर्धी थाळी मागा. ती एका माणसाला पुरते.

बघण्यासारखं म्हणाल तर मुक्काम एव्होरात करा. लिस्बनहून रेल्वेने किंवा बसने दीड तास. तटबंदीतलं जुनं शहर 1986 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. रोमन मंदिराचे खांब, कॅथेड्रल, आणि हाडांचं चॅपल. हजारो माणसांच्या हाडांनी आणि कवट्यांनी मढवलेल्या भिंती, आणि दारावर लिहिलंय की आम्ही इथली हाडं, तुमच्या हाडांची वाट बघतोय. आईंना आवडेल का, हे तुम्ही ठरवा. माझी आई दारातूनच परतली होती. शहराबाहेर आल्मेंद्रेशला ऑलिव्ह आणि बुचाच्या झाडांत उभ्या दगडांचं हजारो वर्षं जुनं वर्तुळ आहे. तिथे पहाटे जा. वाटेत बुचाच्या झाडांवर पांढऱ्या रंगात एक आकडा दिसेल. तो साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक. एकदा साल काढली की पुन्हा नऊ वर्षं हात लावायचा नाही. तुमच्या बाटलीचं बूच बहुधा अशाच एखाद्या झाडाचं असेल, कारण जगातलं जवळजवळ निम्मं बूच पोर्तुगालचं.

व्हिला व्हिसोझाला अर्धा दिवस द्याच. संगमरवराच्या खाणींमधलं गाव आहे, फुटपाथच्या कडासुद्धा संगमरवरी. तिथल्या ड्यूकच्या राजवाड्यात 1638 मध्ये कातारीना जन्मली. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिचं लग्न ठरलं आणि 1661 च्या करारात मुंबई आंदण गेली. मुंबईकर पर्यटकांना मी त्या राजवाड्यासमोर हे सांगतो तेव्हा सगळे एकदम गप्प होतात, मग फोटो काढतात. शेजारचं बोर्बा हे वाईनचं गाव, तेव्हा जेवण तिकडे. आणि पोर्तालेग्रेकडे गेलातच तर कास्तेलु द व्हीद चुकवू नका. गार्सिया द ओर्ता तिथला. हा वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, आणि आपल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यात छापलं गेलं. तो धर्मांतरित ज्यू कुटुंबातला होता. मेल्यानंतर 1580 मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. त्याच्या गावात जुना ज्यू मोहल्ला आणि सिनेगॉग अजून आहे. चढ-उतार बराच आहे, आईंचे गुडघे बघून ठरवा.

संध्याकाळसाठी मोंसराझ. टेकडीवरचं तटबंदीचं गाव, खाली आल्केव्हा धरणाचं अफाट पाणी. रात्री आकाशात प्रकाशाचं प्रदूषण इतकं कमी की आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. एखाद्या खानावळीत सात-आठ पुरुष खांद्याला खांदा लावून वाद्यांशिवाय संथ गाऊ लागले तर बोलणं थांबवा. तो 'कान्त', युनेस्कोच्या यादीत 2014 पासून.

दिवसाला एकच आदेगा करा, फार तर दोन. पर्यटन कंपन्या चार-चार दाखवतात, तिसरीनंतर जीभ मेलेली असते. आधी फोन किंवा ईमेल करून वेळ घ्या. मोठ्यांपैकी रेगेंगुश गावाजवळचं एश्पोरांव नीट चालवलेलं आहे, आणि रेगेंगुशमधलं झोझे द सोझाचं रांजणघर बघाच, तिथे शंभरावर रांजण एका छताखाली आहेत. एव्होराच्या कार्तुशाची पेरा-मांका ही लाल वाईन फार गाजलेली. फक्त चांगल्या वर्षी निघते आणि किंमत शेकडो युरोंत जाते. उत्तम आहे, पण त्या पैशात तुम्ही चार दिवस राजासारखे जेवाल. गाडी चालवणार असाल तर रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे आणि रस्ता उजव्या बाजूचा. चाखलेली वाईन थुंकायला लाजू नका, आम्ही सगळे थुंकतो. त्यापेक्षा बरं, विदिगेराच्या दिवशी ड्रायव्हर ठरवा.

घरी आणायची तर भारतात माणशी 2 लिटर करमाफ आहे, म्हणजे दोन पूर्ण बाटल्या. एक आंतांव वाझ, एक आलिकान्ते बूशे. पहिली तळलेल्या सुरमईबरोबर उघडा. दुसरीत अल्कोहोल 14 टक्क्यांच्या पुढे असतो, तांबड्या रश्श्याबरोबर ती तोंडात आग लावेल, त्यापेक्षा पांढरा रस्सा किंवा काळ्या मिरीतलं मटण करा. आणि व्हिला द फ्रादेशला कोणी प्रेमाने पाच लिटरच्या कॅनमध्ये तोटीची वाईन भरून देईल. ती विमानात आणायच्या भानगडीत पडू नका. पुण्यात पोचेपर्यंत तिचा व्हिनेगर होईल. एव्होरात मुक्काम आहे तोवर संपवा.